दरवर्षी त्याच जागी मोहोळ बसतंय? आधी हे वाचा, मग माणूस बोलवा

दिवाळी झाली की सोसायट्यांचे फोन सुरू होतात आणि तक्रार एकच असते, मागच्या वर्षी पैसे देऊन काढलं होतं, पेस्ट कंट्रोलवाल्याने गॅरंटीपण दिली होती, आणि आता बरोब्बर त्याच छज्ज्याखाली परत बसलंय. सेक्रेटरी वैतागलेला असतो, वरच्या मजल्यावरचे म्हणतात हा कॉमन एरिया आहे, खालचे म्हणतात गॅलरी तुमची म्हणजे खर्च तुमचा, आणि ग्रुपवर कोणीतरी रॉकेलच्या बोळ्याचा उपाय टाकलेला असतोच. मी पुणे-सातारा पट्ट्यात मोहोळं काढायला जातो, तिथे बघून बघून जे कळलंय ते सरळ सांगतो. मोहोळ काढणं हे निम्मं काम आहे. माश्या गेल्या, पोळं खाली आलं की सगळे हुश्श करतात, आणि उरलेलं निम्मं, म्हणजे ती जागा बसण्यालायक न ठेवणं, ते कोणी करतच नाही. म्हणून परत बसतं. औषध स्ट्राँग नव्हतं म्हणून नाही.

आधी कुठली माशी आहे ते बघा, कारण उपाय त्यावरच आहे

उंचावर, उघड्यावर, छज्ज्याच्या किंवा टाकीच्या स्लॅबखाली एकच मोठं पोळं लोंबतंय, त्यावर माश्यांचा काळपट-तपकिरी पडदा आहे आणि मधूनच त्या पडद्यावरून लाट गेल्यासारखी दिसते, तर ते आग्यामोहोळ. पोळं चांगलं मीटरभर रुंदही होतं. ती लाट म्हणजे गंमत नाही, गांधीलमाशी वगैरे जवळ आली की सगळ्या एकदम पोट वर उचलतात, शत्रूला दूर ठेवायला. तुम्ही खिडकीत उभं राहून मोबाईलवर व्हिडिओ काढताय आणि लाटा वाढल्या तर खिडकी बंद करून आत व्हा.

भिंतीला, फरशीच्या कडेला, मीटरच्या पेटीला किंवा दुकानाच्या शटरच्या वरच्या खोक्याला एक लहान भोक आहे आणि त्यातून माश्यांची ये-जा चाललीय, पोळं दिसतच नाही, तर ती सातेरी. अंधाऱ्या पोकळीत राहते, आत एकाशेजारी एक बरीच पोळी असतात. ही त्यातल्या त्यात गरीब.

कुंपणाच्या मेंदीत, डाळिंबाच्या झाडात, कधी गॅलरीतल्या कुंडीत तळहाताएवढं एकच पोळं, फांदीला धरून, माश्या अगदी बारीक, तर ती फुलोरी. फांदी नीट बघितलीत तर पोळ्याच्या दोन्ही बाजूंना चिकट डिंकाचा पट्टा लावलेला दिसतो, मुंग्या येऊ नयेत म्हणून तिने स्वतः लावलेला. फुलोरीसाठी माणूस बोलवून पैसे घालवू नका, त्याबद्दल खाली लिहिलंय.

आता जी मोहोळं नसतातच ती. राखाडी कागदासारखं घरटं, मेण नाही, ती गांधीलमाशी. मातीचे छोटे गोळे चिकटवलेत ती कुंभारीण, तिला सोडून द्या. आणि उन्हाळ्यात एसीच्या पाण्याच्या पाइपाशी, गळक्या नळाशी, टाकीच्या ओव्हरफ्लोला पन्नास-शंभर माश्या बसल्यात म्हणजे तिथे मोहोळ आहे असं नाही, त्या पाणी न्यायला येतात, पोळं थंड ठेवायला त्यांना पाणी लागतं. यासाठी औषध मारणारे लोक बघितलेत मी. गळती बंद करा, आणि जरा लांब, गच्चीच्या कोपऱ्यात, पसरट भांड्यात दगडगोटे घालून पाणी ठेवा. एकदा सवय लागली की जागा सोडत नाहीत लवकर, म्हणून हे फेब्रुवारीतच करा.

अजून एक. संध्याकाळी अचानक झाडाला किंवा ग्रिलला माश्यांचा गोळा येऊन लटकला, सकाळी नव्हता, आणि खाली मेण किंवा पोळं काही दिसत नाही, तर तो प्रवासातला थवा आहे. काही करू नका. बहुतेक वेळा काही तासांत नाहीतर दोन-तीन दिवसांत आपला आपण जातो, आग्याचा थवा कधी जास्तही थांबतो. खालून वावर बंद ठेवा, मुलांना लांब ठेवा, बस. आठवडा झाला तरी तिथेच आहे आणि माश्यांच्या मध्ये पांढरं मेण दिसायला लागलं की मग समजायचं मुक्काम पडला.

भिंतीतलं सातेरीचं मोहोळ

इथे सगळ्यात जास्त घोळ होतो तो असा. भोक दिसतं, माणूस रात्री त्यात झुरळांचा स्प्रे मारतो, वरून सिमेंटने बुजवतो आणि झोपतो. माश्या मरतात हो, पण आतलं पोळं, मध, अळ्या सगळं तिथेच राहतं. जिवंत असताना माश्या पंख हलवून, पाणी आणून आतलं तापमान ३४-३५ अंशांवर धरून ठेवतात. त्या मेल्यावर एप्रिलच्या उन्हात भिंत तापते, मेण मऊ पडतं आणि मध वाहायला लागतो. एका जुन्या बंगल्यात दिवाणखान्याच्या भिंतीवर तपकिरी ओघळ आले होते, मालकांना वाटलं पाइप लीक आहे, प्लंबरने टाइल्स फोडल्या तर आतून मधात लडबडलेल्या मेलेल्या माश्या आणि मुंग्यांची रांग. वास तर विचारू नका. आणि बाहेरच्या बाजूला जुन्या मेणाच्या वासाने दुसरा थवा शेजारच्या फटीतून आत शिरायच्या बेतात होता.

बरोबर पद्धत म्हणजे जागा उघडायची. मोहोळ नेमकं कुठे आहे ते कळायला थंडीत पहाटे भिंतीला तळहात लावून बघा, जिथे पिल्लं आहेत तिथे भिंत कोमट लागते. कान लावला तर गुणगुण ऐकू येते. भोक एका ठिकाणी आणि पोळी तीन फुटांवर असंही असतं, म्हणून भोकापाशीच फोडायला सुरुवात करू नका. मीटरच्या पेटीत किंवा डीपीत असेल तर आधी वायरमनकडून सप्लाय बंद, मग बाकी सगळं. हे सांगायला लागतं कारण लोक पेटीचं झाकण उघडून ओल्या हाताने मध काढायला गेलेले आहेत.

उघडल्यावर मधपाळ, म्हणजे मधमाश्या पाळणारा माणूस, काय करतो ते सांगतो, म्हणजे तुमच्याकडे आलेला माणूस कामाचा आहे की नाही ते कळेल. तो स्मोकरमध्ये, म्हणजे धूर सोडायच्या डब्यात, गोवरी किंवा गोणपाट पेटवून थोडा गार धूर देतो, जाळ नाही. पोळी एकेक करून कापतो, ज्यात अंडी-अळ्या आहेत ती पोळी माश्या पाळायच्या लाकडी पेटीच्या चौकटीत केळीच्या सोपटाने नाहीतर सुतळीने बांधतो आणि मधाची वेगळी ठेवतो. राणी शोधतो. राणी सापडून पेटीत गेली की बाकीच्या माश्या मागोमाग स्वतःच चालत आत जातात, हे बघण्यासारखं असतं, दारातच काही जणी शेपूट वर करून पंख हलवत उभ्या राहतात आणि बाकीच्यांना वासाने बोलावतात. पेटी अंधार पडेपर्यंत तिथेच ठेवायची, बाहेर गेलेल्या सगळ्या परत आल्या की मग दार बंद करून न्यायची, आणि दोन-तीन किलोमीटरच्या पुढे न्यायची, नाहीतर सकाळी निम्म्या माश्या तुमच्या भिंतीवर परत हजर. सातेरी लहरी आहे, जरा बिनसलं की पेटी सोडून जाते, म्हणून काही दिवस दाराला राणीजाळी (राणीला बाहेर पडता येत नाही अशी जाळी) लावतात आणि साखरेचा पाक देतात. पण ते मधपाळाचं काम, तुमचं नाही.

तुमचं काम पोकळीचं. आतलं मेण खरवडून काढायचं, साबणाच्या गरम पाण्याने पुसायचं, पोकळी भरायची (वीट-सिमेंट किंवा फोम, जे शक्य असेल ते) आणि मग बाहेरचं भोक बंद करायचं. नुसतं भोक बंद केलं आणि आत पोकळी तशीच ठेवली तर पुढच्या वर्षी दुसऱ्या फटीतून आत जातात. जिथे हवा खेळती हवी, म्हणजे डक्ट किंवा शाफ्ट, तिथे ३ मिलिमीटरपेक्षा बारीक जाळी. कबुतरांची जाळी लावली आहे आमच्याकडे असं बरेच जण सांगतात, त्यातून माशी काय, चिमणीचं पिल्लूही जाईल.

भिंत फोडणं शक्यच नसेल, म्हणजे दगडी वाडा, देऊळ, आरसीसीचा पोकळ भाग, तर जाळीचा शंकू करून भोकावर बसवतात, माशी बाहेर पडते पण परत आत जायची वाट तिला सापडत नाही, शेजारी पेटी ठेवलेली असते तिच्यात जमतात. याला महिना-दीड महिना लागतो, सातेरीत दर वेळी जमतंही नाही, आणि राणी बहुतेक आतच राहते. घाई असलेल्याने या वाटेला जाऊ नये.

आग्यामोहोळ: काढायचं की राहू द्यायचं

आग्या पेटीत राहत नाही. "काका, पेटीत घालून घेऊन जा ना शेतावर" असं प्रत्येक सोसायटीत कोणीतरी म्हणतंच. नाही जमत. ही माशी उघड्यावरच पोळं बांधते आणि वर्षातून जागा बदलते, फुलोऱ्याच्या मागे लांब लांब जाते. म्हणजे आग्याच्या बाबतीत दोनच गोष्टी शक्य आहेत, हंगाम संपून ती स्वतः जाईपर्यंत थांबायचं, किंवा तिला उठवून लावायचं.

माझं मत विचाराल तर आठव्या मजल्यावरच्या टाकीखाली आहे, खाली कोणाचा वावर नाही, शेजारी खिडकी नाही, तर राहू द्या. साधारण पावसाळा तोंडावर येईपर्यंत जागा रिकामी होते. आणि तोच खरा कामाचा दिवस, पण त्या दिवशी सोसायटीला मोहोळ आठवत नाही. जिना, शाळा, लहान मुलांचं खेळायचं मैदान, दवाखाना, पार्किंगची वाट याच्या जवळ असेल, किंवा इमारतीत कोणाला माशीच्या चाव्याची ॲलर्जी असेल, तर काढायलाच हवं, तिथे निसर्गप्रेम सांगत बसू नये.

काढायचं असेल तर लवकर. थवा येऊन बसल्याच्या पहिल्या आठवड्यात पोळं लहान असतं, त्यात फारशी पिल्लं नसतात, म्हणजे त्यांना सोडून जायला जड जात नाही. तेव्हा सूट घातलेल्या माणसाने थोडी धुरी, थोडा पाण्याचा बारीक फवारा दोन-तीन संध्याकाळी दिला तरी बऱ्याचदा उठून जातात. एकदा अंड्या-अळ्यांनी पोळं भरलं की त्याच माश्या जीव गेला तरी हलत नाहीत आणि मोहोळ उठलं तर रस्त्यापर्यंत माणसं पळतात. लोक मात्र नेमकं पोळं हात-हात लोंबायला लागल्यावर, मार्चमध्ये फोन करतात.

मोठं झालेलं असेल तर काम रात्री, अंधाऱ्या पंधरवड्यात. आग्या चांदण्या रात्रीही फुलांवर जाते, म्हणून पौर्णिमेच्या आसपास नको. टॉर्चला लाल कागद लावतात, तांबडा रंग माश्यांना जवळजवळ दिसत नाही. आणि त्या अर्ध्या-एक तासात पूर्ण इमारतीचे बाहेरचे दिवे, जिन्याचे दिवे, गॅलरीतले दिवे बंद, नाहीतर उठलेली प्रत्येक माशी त्या दिव्यावर जाणार म्हणजे तुमच्या घरात येणार. ग्रुपवर आदल्या दिवशी मेसेज टाका, खिडक्या बंद, कपडे आत, आणि वॉचमनला आणि त्याच्या कुत्र्याला विसरू नका. बांधलेलं कुत्रं, दावणीची गुरं यांना पळता येत नाही, मोहोळ उठल्यावर सगळ्यात आधी तीच जातात.

मशालीने जाळणं हा प्रकार अजून चालतो. बांबूला गोणपाट, रॉकेल, पेटवलं आणि लावलं पोळ्याला. मेण पेटतं, जळत खाली टपकतं, खाली गाडी असते नाहीतर वाळलेला पाला, एसीचं आउटडोअर युनिट असतं. निम्म्या माश्या मरतात, निम्म्या अंधारात इकडे तिकडे बसतात आणि सकाळी दूधवाला, पेपरवाला, शाळेची मुलं बाहेर पडतात तेव्हा त्या पिसाळलेल्या माश्या तिथेच फिरत असतात. फवाऱ्याचंही तसंच, वरून पडलेल्या अर्धमेल्या माश्या दोन दिवस पायाखाली येतात आणि मेलेली माशीसुद्धा नांगी मारू शकते, अनवाणी फिरू नका.

आणि एक गोष्ट कळकळीने सांगतो. "मोहोळ फुकट काढून देतो, मध आमचा" म्हणणारे येतात. त्या मोहोळावर आधी कोणी औषध मारलेलं असेल तर तो मध खायचा नाही, विकत घ्यायचा नाही, वॉचमनलाही देऊ नका. आणि हे लोक पोळं अळ्यांसकट पिळतात, त्याला रानातला शुद्ध मध म्हणून तुमच्याच गेटवर विकतात. काढणाऱ्याला पैसे द्या, कामाचे द्या, मधावर सौदा करू नका.

जागा बंद करणं, म्हणजे ज्याच्यासाठी हे सगळं लिहिलं

मोहोळ गेल्यावर स्लॅबच्या खालच्या बाजूला बघा. कमानीसारखी एक पिवळी-तपकिरी रेघ दिसेल, बोटभर जाड, हात लावला तर खडबडीत, उन्हात जरा चिकट. ते पोळ्याचं मूळ. काढणारे पोळं कापतात ते या रेघेच्या खाली, कारण वर हात पोचत नाही आणि रात्रीची घाई असते. ते मेण तिथे राहिलं म्हणजे पुढच्या थव्याला वासाने कळतं की इथे आधी कोणीतरी सुखाने राहिलंय.

यात भर म्हणजे आग्याला जागा लक्षात राहते. २००० साली आसामातल्या आग्या माश्यांच्या जनुकीय तपासणीतून दाखवलं गेलं की स्थलांतर करून परत येणारी राणी तीच, जागाही तीच. आता गंमत बघा, कामकरी माशी जगते ती फार तर काही महिने, म्हणजे गेल्या वर्षी इथून गेलेली कामकरी यंदा परत येणाऱ्या थव्यात असायची शक्यता फारशी नाही, तरी थवा तुमच्या बी विंगच्या त्याच बीमखाली येतो. म्हणून मी गॅरंटी देत नाही आणि जो देतो त्याला जपून असा. फक्त मेण काढलं की झालं असंही नाही, उंची, सावली, वाऱ्याचा आडोसा, जवळ पाणी हे सगळं तिथे आहेच. पण मेण काढणं ही पहिली पायरी, ती सोडून बाकीचं करण्यात अर्थ नाही.

करायचं असं. माश्या पूर्ण गेल्याची खात्री करा, दिवसा दुर्बिणीतून बघा. मग पुट्टीची पट्टी घेऊन ती रेघ मुळापासून खरवडा, खाली प्लास्टिक अंथरून, पडलेलं मेण पिशवीत भरून कचऱ्यात, तिथेच कोपऱ्यात ढीग करून ठेवायचं नाही. प्लास्टर खडबडीत असतं, भोकांत मेण मुरलेलं असतं, ते हॉट एअर गनने तापवून फडक्याने पुसून घ्या. मग साबणाचं गरम पाणी, वाळू द्या, प्रायमर आणि वरून ऑइल पेंटचे दोन हात. नुसता डिस्टेंपर मारला तर उन्हाळ्यात डाग वर येतो, आला म्हणजे मेण राहिलंय.

आणि जिथे तीन-तीन वर्षं बसतंय तिथे रंगावर थांबू नका, आकार बदला. स्लॅब आणि बीमचा जो काटकोन असतो तो तिरका पत्रा किंवा सिमेंट शीट लावून बंद करा, कडा सिलिकॉनने पक्क्या, आत शिरायला फट नको, नाहीतर आग्या गेली आणि त्या पत्र्यामागे सातेरी राहायला आली असं होतं. कडुनिंबाचं तेल, सिट्रोनेला, फिनेल, कापूर, हे सगळं लावून बघायला हरकत नाही पण वास काही दिवसांत उडतो, म्हणजे हंगामभर पुन्हा पुन्हा लावायला हवं आणि पाचव्या मजल्यावर पुन्हा पुन्हा कोण लटकणार.

हे काम उंचीवरचं आहे, तेव्हा दोरीवर काम करणारा प्रशिक्षित माणूस, हार्नेस, दोर बांधायला पक्की जागा. चावण्यापेक्षा पडून जीव जायची भीती जास्त. सोसायटीचा रंगकाम किंवा वॉटरप्रूफिंगचा परांचा लागणारच असेल तर तेव्हाच हे उरकून घ्या, वेगळा खर्च वाचतो. मेअखेर ते सप्टेंबर हा काळ यासाठी, पावसाची उघडीप बघून. ऑक्टोबर उजाडला की रोज सकाळी वॉचमनने त्या दोन-तीन जागा खालून नुसत्या बघायच्या, बशीएवढं पोळं दिसलं की लगेच फोन.

रात्री घरात येणाऱ्या माश्या आणि गाड्यांवरचे पिवळे ठिपके

या दोन तक्रारी मोहोळाइतक्याच येतात. रात्री ट्यूबलाइटभोवती मोठ्या माश्या घोंघावतात आणि सकाळी गॅलरीत पाच-दहा मेलेल्या सापडतात, हे आग्याच. दिव्यावर येते. गॅलरीचा पांढरा दिवा काढून मंद पिवळा लावा किंवा बंदच ठेवा, पडदे ओढा, खिडकीला मच्छरदाणीची जाळी लावा. माशी घरात आलीच तर घरातला दिवा बंद करून बाहेरचा लावा, जाते. चप्पल मारली की तिच्या नांगीचा वास पसरतो आणि बाकीच्या येतात.

गाड्यांवर, वाळत घातलेल्या चादरींवर हळदीसारखे ठिपके पडतात ती त्यांची विष्ठा. आग्या माश्या घोळक्याने बाहेर पडून एकदम हे करतात. १९८१ साली आग्नेय आशियात रासायनिक अस्त्र म्हणून 'पिवळा पाऊस' पाडल्याचा आरोप अमेरिकेने सोव्हिएत संघावर केला होता, नंतर मॅथ्यू मेसेल्सन आणि थॉमस सीली या शास्त्रज्ञांनी दाखवून दिलं की ते ठिपके म्हणजे मधमाश्यांची विष्ठा, परागकणांनी भरलेली. तेव्हा पेंट खराब झाला म्हणून शेजारच्या विंगवर शंका घेऊ नका. ओल्या फडक्याने लगेच पुसा, उन्हात वाळलं की जात नाही.

झाडावरचं मोहोळ

वड, पिंपळ, सावर अशा मोठ्या झाडांवर एकाच वेळी बरीच आग्यामोहोळं बसतात. पहिली सूचना येते ती "फांदीच तोडून टाका". शहरात १९७५ च्या झाडांच्या संरक्षण कायद्याखाली वृक्ष प्राधिकरणाची परवानगी न घेता फांदी तोडता येत नाही, आणि तसंही माश्या बसलेली फांदी तोडणं म्हणजे मोहोळ हातात घेऊन खाली येणं. रस्त्याच्या कडेचं झाड असेल तर हंगामापुरता झाडाखालचा चहाचा गाडा हलवा, पार्किंग बंद करा, एक पाटी लावा. खेड्यात झाडाखाली बैल-म्हशी बांधायच्या नाहीत. आणि मोहोळ कारण नसताना उठलं असं वाटलं तर वर बघा, पुष्कळदा मधुबाज नावाचा शिकारी पक्षी पोळ्यावर झडप घालून गेलेला असतो आणि माश्या राग खालून चालणाऱ्यांवर काढतात, दगड मारला म्हणून मुलांना उगाच बोलणी बसतात. संक्रांतीचा मांजा, लग्नातले फटाके आणि ड्रोन ही बाकीची कारणं. अजिंठ्यासारख्या लेण्यांत आणि किल्ल्यांवर कड्यांना मोहोळं असतात, तिथे तर सिगरेट, चुलीचा धूर, परफ्यूम काहीच नको.

झाडाच्या ढोलीत सातेरी असेल आणि ढोली माणसाच्या डोक्याच्या बरीच वर असेल तर तिला राहू द्या. काढलीच तर ढोली सिमेंटने भरू नका, आत पाणी साठून झाड कुजतं, तोंडाला बारीक जाळी पुरते.

फुलोरी अडचणीच्या जागी असेल, म्हणजे अगदी फाटकाच्या कडीपाशी, तर दिवस मावळल्यावर पूर्ण बाही, हातमोजे, तोंडाला जाळी लावून ती काडी पोळ्यासकट दोन्हीकडून अलगद कापायची आणि तशीच, उलटी न करता, थोड्या लांबच्या झुडपात सावलीत बांधायची. अडचण नसेल तर काहीच करू नका, ही बिचारी कोणाच्या अध्यात मध्यात नसते.

कोणाला बोलवायचं

पुण्यात केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था आहे, १९६२ पासूनची, आणि महाबळेश्वरला खादी व ग्रामोद्योग मंडळाचं मध संचालनालय. शिकलेले मधपाळ तुमच्या भागात कोण आहेत ते अशा ठिकाणी विचारा. अग्निशमन दलाला विचारून बघा, काही शहरांत येतात, काही ठिकाणी फक्त माणसं अडकली तरच. माणूस आला की त्याला तीनच प्रश्न विचारा, माशी कुठली आहे, पोळ्याचं मूळ खरवडणार का, आणि उंचीवर काम करताना दोर कशाला बांधणार. पहिल्याच प्रश्नाला "कुठली का असेना, औषध मारतो" असं उत्तर आलं तर चहा पाजून परत पाठवा.

माश्या उठल्याच तर

पळा, आणि बंद जागेत शिरा, खोली, गाडी, दुकान काहीही. हात झाडू नका, तोंड आणि नाक झाका, पाण्यात उडी मारू नका, त्या वर घिरट्या घालत थांबतात. नांगी कातडीत राहते आणि तिची विषाची पिशवी पुढचा काही वेळ विष सोडत राहते, म्हणून नखाने, एटीएम कार्डाने, जसं जमेल तसं पण ताबडतोब काढा, पद्धतीपेक्षा वेळ महत्त्वाचा. साबणाने धुवा, बर्फ लावा. चुना, हळद, लोखंड घासणं यात वेळ घालवू नका. अंगभर गांधी उठल्या, ओठ-जीभ सुजली, श्वास लागला, चक्कर आली तर घरी थांबायचं नाही, १०८ ला फोन करून थेट दवाखाना, तिथे ॲड्रेनॅलिनचं इंजेक्शन लागतं. आणि खूप ठिकाणी चावल्या असतील तर बरं वाटत असलं तरी दाखवा, जास्त विषाने मूत्रपिंडाला त्रास होतो आणि तो लगेच कळत नाही. लहान मूल किंवा म्हातारं माणूस असेल तर थोड्या चाव्यांनाही.

काढल्यानंतर हमखास येणारा फोन

"अहो, अजून शंभर-दोनशे माश्या तिथेच फिरतायत, तुम्ही नीट काढलंच नाही." काढताना ज्या बाहेर होत्या किंवा अंधारात उडाल्या त्या परत त्याच जागी येतात, मूठभर घोळका करून बसतात, आणि राणी नसेल तर काही दिवसांत आपोआप कमी होत जातात. त्यांच्यावर फवारा नको. चौथ्या-पाचव्या दिवशी बघा, घोळका लहान झाला असेल तर ठीक. मोठा झाला असेल, किंवा मध्ये पांढरं ताजं मेण दिसत असेल, तर राणी त्यांच्यातच आहे आणि पुन्हा बांधायला घेतलंय, मग मात्र त्याच दिवशी संध्याकाळी माणूस परत बोलवा आणि आधीच्या पैशांतच बोलवा, हे पहिल्या दिवशीच ठरवून घ्यायचं असतं.